तोलून पेटवलेली होळी

आमच्या घराच्या मागच्या भिंतीला लागूनच कंपनीचं कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे गोदाम. शहाडहून नदीच्या अंगाने पुढे आलं की पत्र्याचं भलंमोठं निळं छप्पर दिसतं, ते तेच. मोबाइलवर बोट दाबलं की घरी सामान पोचवणारी कंपनी आहे. त्या जागी पूर्वी आमची भातशेती होती. शेती गेली याचं मला फार वाईट वाटत नाही. चिखलात वाकून कंबर गेलेली बाई शेतीच्या आठवणीने रडत नाही. ते रडणं ज्यांनी कधी लावणी केली नाही त्यांनी रडावं. जमीन विकलेली नाही, भाड्याने दिली आहे. नवरा होता तेव्हाच दिली. तो गेल्यावर सातबाऱ्यावर माझं आणि दोन मुलांचं नाव लागलं.

जमीन देताना नवऱ्याने एक गोष्ट धरून ठेवली होती. शेताच्या कोपऱ्यात गावाची होळी लागायची. ती जागा मोकळी राहील आणि होळीच्या संध्याकाळी गेट उघडं राहील, असं त्याने कंपनीकडून कबूल करून घेतलं. आमच्या गावात होळीला पहिला विस्तव द्यायचा मान आमच्या घराचा. त्यामुळे कुंपण पडलं, रस्ता झाला, ट्रक सुरू झाले, तरी होळी तिथेच लागत राहिली. गेटवरचा वॉचमन वहीत कुणाचं नाव न लिहिता सगळ्यांना आत सोडायचा. वर्षातला तेवढा एकच दिवस.

मोठा मुलगा ठाण्यात माजिवड्याला टॉवरमध्ये राहतो, धाकटा डोंबिवलीत. दोघांनीही मला बोलावलं, मी दोघांकडे राहूनही पाहिलं. तिथे कुणी मला काही बोललं नाही, पण कुठे बसायचं तेच मला कळत नव्हतं. सोफ्यावर बसलं की टीव्हीच्या मध्ये येते, स्वयंपाकघरात गेलं की सुनेच्या मध्ये. म्हणून परत आले. गणपती मोठ्याकडे गेले. दिवाळीला ते मला न्यायला येतात आणि आणून सोडतात. या घरात त्यांना यायला एकच कारण उरलं होतं, होळी. विस्तव दुसऱ्या कुठल्या गावी देता येत नाही. त्या एका संध्याकाळी घरात माणसांचा आवाज व्हायचा. बाकी वर्षभर ट्रकचा.

गेल्या वर्षी, होळीला महिनाभर असताना, कंपनीची मॅडम आली. तिशीतली, डोंबिवलीची, स्वच्छ बोलणारी. गोदामाचे साहेब याआधीही यायचे, पण ते दारातूनच बोलून जायचे. ही बूट काढून आत आली आणि पाणी मागून प्यायली, म्हणून मी तिचं ऐकून घेतलं.

"आजी, कंपनीने शब्द दिलाय," ती म्हणाली. "आमच्यामुळे हवेत जो कार्बन जातो तो काही वर्षांत शून्यावर आणायचा."

"कार्बन म्हंजे धूर ना?"

"धूरच समजा. जो दिसत नाही तोसुद्धा."

छपरावर सोलरच्या काचा बसवल्या होत्या त्या याचसाठी, असं तिने सांगितलं. आता घरोघर माल पोचवणाऱ्या छोट्या गाड्याही विजेवरच्या होणार होत्या. त्या चार्ज करायला शेड हवी होती आणि कुंपणाच्या आत मोकळी अशी जागा एकच होती.

"होलीची," मी म्हटलं.

तिने मान हलवली. "आणि आजी, कुंपणाच्या आत जे जळतं ते सगळं आम्हाला आमच्या नावावर धरावं लागतं. जनरेटरचं डिझेल, कॅन्टीनचा गॅस. होळीसुद्धा."

तेवढ्यात दारावरून मोठा ट्रक गेला. मांडणीवरची ताटं वाजली.

"आन ह्यो?"

"तो वाहतूकवाल्याचा. त्याचा हिशेब वेगळा ठेवतात. तिथेही कमी करायचंय, पण त्याला वेळ लागेल."

"मंग ट्रक तुमचा नाय आन होली तुमची."

ती हसली नाही आणि चिडलीही नाही. म्हणाली, "आजी, मी मोजणारी आहे. ठरवणारे वेगळे आहेत."

ते मला पटलं. मी कंपनीच्या विरोधातली बाई नाही. उन्हाळा वाढलाय हे मला कुणी शिकवायची गरज नाही. दुपारी त्या पत्र्यावरून जी झळ माझ्या मागच्या खोलीत येते तिच्यात पापड भाजून निघेल. कुणी काही कमी करत असेल तर करावं. पण होळीला मी नाही म्हणून सांगितलं.

मॅडम थोडी घुटमळली. मग म्हणाली, "तुमच्या दोन्ही मुलांनी संमती दिलीय. फक्त तुमची सही राहिलीय."

"कवा दिली?"

"दिवाळीच्या सुमारास."

दिवाळीत मी मोठ्याच्याच घरी होते. त्याच्याच टेबलावर बसून मी त्याच्या पोरांसाठी करंज्या लाटल्या होत्या.

मॅडम गेल्यावर मी मोठ्याला फोन लावला. तो म्हणाला, "आई, मी सांगणारच होतो."

"कवा? शेड बांधून झाल्यावर?"

"अगं, प्रॅक्टिकली बघ ना. होळीला ते ट्रॅफिक, तिथे धुरात उभं राहायचं, पोरांच्या परीक्षा. आणि पर्यावरणासाठी चांगलंच आहे. शाळेतसुद्धा पोरांना हेच शिकवतात."

"तुज्याकं गाड्या किती हायेत?"

"ते मध्ये कुठे आणलंस आता?"

मग धाकट्याला लावला. तो लहानपणापासून सगळ्यांना हो म्हणणारा. म्हणाला, "आये, दादाने सांगितलं तिथे मी केली सही. तू पण करून टाक ना. कशाला डोक्याला ताप?"

त्याच्यावर ओरडून काही उपयोग नसतो, तो त्यालाही हो म्हणतो. मी दोन दिवस विचार केला आणि दोघांनाही सांगितलं, "सही करीन. पन होलीच्या दिवशी, होलीसमोर. सगल्यांनी यायचा. सुना, नातवंडा, सगली. कागद घेऊन या."

"हे ब्लॅकमेल झालं, आई," मोठा म्हणाला.

"त्यो काय असतो मला म्हाईत नाय. यायचा असल तं या."

ते येणार हे मला माहीत होतं. कागद अडला होता. एरवी होळीच्या आठवडाभर आधी 'बघतो', 'जमेल तसं' असं चालायचं. त्या वर्षी मोठ्याने स्वतःहून विचारलं, आई काय आणू. शेवटी तो म्हणाला, "लाकडं-गवऱ्यांची तू काळजी करू नको, मी ऑर्डर केलंय."

दोन दिवसांनी दाराशी खोका आला. आणणाऱ्या माणसाला मी विचारलं, हे कुठून आलं. तो म्हणाला, "इथूनच आजी, तुमच्या मागच्या गोदामातून. काल ठाण्याला गेलं, आज परत आलं."

मी मागच्या खिडकीतून हात लांब केला असता तर खोका घेता आला असता. तो ठाण्याचा नाका बघून पुढच्या दाराने आला. खोक्यात हवा भरलेल्या प्लास्टिकच्या उश्या, त्यांच्यात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत गवऱ्या. बिस्किटाएवढ्या, एकीसारखी एक, वास म्हणून नाही.

माझी नणंद तेव्हा समोरच्या घरात राहायची. नवऱ्याची धाकटी बहीण, गावातच दिलेली, माझ्यासारखीच नवरा गेलेली. तिने एक गवरी उचलून उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "वैनी, ह्या म्हशीला शालेत घातली व्हती वाटतं."

बाकीचं सरपण आम्ही दोघींनी जमवलं. पडलेल्या घराचे वासे, आंब्याची वाळलेली फांदी, नदीकडच्या एका वाडीतून पेंढा. मधला उभा दांडा सावरीचा लागतो. तो धाकट्याने आणून दिला, ते त्याने केलं. पूर्वी दांडा आणायला अर्धं गाव खांद्याला असायचं. त्या वर्षी तो टेम्पोतून आला.

होळीच्या दिवशी उन्हं कलल्यावर आम्ही गेटवर गेलो तर मॅडम दोन माणसं आणि एक काटा घेऊन उभी होती. खोके तोलायचा काटा. ती म्हणाली, "आजी, रागावू नका. पेटवण्याआधी हे सगळं तोलावं लागेल. किती जळलं ते मला लिहायचंय."

"होली तोलनार?"

"हो."

माझे केस पांढरे झाले, पण होळी तोललेली मी पाहिली नव्हती. मी सरपणापासून बाजूला झाले. त्या माणसांनी वासे काट्यावर ठेवले, उचलले, पेंढ्याच्या मोळ्या ठेवल्या, ठाण्याहून आलेला गवऱ्यांचा खोका ठेवला. दांडा लांब होता, तो काट्यावरून दोन्हीकडे लोंबत होता आणि आकडा काही केल्या थांबेना. मॅडम वाकून आकडा थांबायची वाट बघत होती.

नणंद पुढे झाली आणि काट्यावर चढून उभी राहिली.

"मलापन तोलून घे गो. मीपन येक दिस जलनार हाय. त्यो धूर कोनाच्या नावावर टाकशील, मंगा सांग."

ती दोन माणसं खो खो हसली. मॅडमही हसायला लागली. मग एकदम थांबली आणि तिने नणंदेला हाताला धरून खाली उतरवलं. "आजी, असं नका बोलू," एवढंच म्हणाली.

अंधार पडायच्या आधी माझी माणसं आली. मोठ्याची गाडी, मागून धाकट्याची. घर भरलं. मी पुरणपोळ्या सकाळपासून करत होते, पायाला गोळे आले होते. मोठ्या सुनेने एक पोळी अर्धी करून घेतली, तिला साखर चालत नाही. नातवंडं मागच्या खोलीत फोनला रेंज शोधत फिरत होती. धाकटा मात्र मांडी घालून बसला आणि पोटभर जेवला. मोठा उभ्यानेच जेवला. त्याच्या काखेत प्लास्टिकची फाइल होती, ती त्याने जेवतानाही खाली ठेवली नाही.

"आई, मॅडमना परत जायचंय, उशीर होतोय त्यांना. आधी सही उरकू या का?"

"आधी होली."

गावातली उरलेली माणसं आली होती. म्हाताऱ्या बायका, काही भाडेकरू, गोदामातले चार-दोन हमाल. नैवेद्य दाखवला. मोठ्याने विस्तव दिला, गॅसच्या लायटरने. कुठल्या अंगाने द्यायचा ते तो विसरला होता, नणंदेने त्याचं मनगट धरून पूर्वेकडे वळवलं. पेंढा पेटला, मग वासे. त्या बिस्किटाच्या गवऱ्या शेवटपर्यंत नुसत्या काळ्या होऊन बसल्या. कंपनीने दोन लाल सिलिंडर घेऊन एक माणूस बाजूला उभा केला होता. आजूबाजूला नव्या विजेच्या गाड्या लागल्या होत्या, त्यांच्या काचांत जाळ दिसत होता.

होळी पेटली की पुरुष बोंब मारतात. तोंडावर हात आपटून, जेवढा गळा असेल तेवढ्याने. कुणी मारेना. मोठ्याने मॅडमकडे पाहिलं आणि हात खिशात घातले. धाकटा मोठ्याकडे बघत राहिला. नातवंडांना ते काय असतं तेच माहीत नव्हतं, धाकटी नात ओढणीने नाक झाकून म्हणाली, "आजी, किती स्मोक आहे!"

जाळ वर गेला आणि सगळी माणसं गप्प. असं मुकं कुणाच्या मयतालाही नसतं. मग मीच तोंडावर हात ठेवून बोंब मारली. आमच्यात बायका मारत नाहीत. नणंद आधी दचकली, मग तिने साथ दिली. आम्ही दोघी थांबलो तेव्हा मोठा म्हणाला, "आई, काय हे."

सुनेने ते मोबाइलवर घेतलं होतं. नंतर त्यांच्या ग्रुपवर सगळ्यांना फार आवडलं म्हणे.

मोठा मॅडमला बोलवायला गेला तेवढ्यात नणंद माझ्या कानाशी आली. "वैनी, सही करू नको. बोल, डोकं दुखतंय, पुडच्या होलीला करीन. पुडच्या साली बोल, चष्मा फुटला. तू मरंस्तोवर दर साली येतील बग."

ती चेष्टा करत नव्हती. तिची मुलं वर्षवर्ष तिच्याकडे फिरकायची नाहीत. तिच्या हातात अडवायला काही नव्हतं. माझ्या हातात होतं.

ती म्हणाली ते खरं होतं. मी सही केली नसती तर ते आले असते. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. मी सकाळी उठून पुरण वाटलं असतं आणि मोठा काखेत फाइल धरून उभ्याने जेवला असता. समोर सगळी उभी होती, माझ्या पोटची, माझ्या रक्ताची. एकाचंही लक्ष माझ्याकडे नव्हतं, माझ्या हाताकडे होतं. तशा जेवणाची आणखी एक पंगत मला वाढायची नव्हती.

"आन कागद," मी म्हटलं.

टेबल नव्हतं. गवऱ्यांचा रिकामा खोका पालथा घातला आणि त्याच्यावर सही केली. मी चौथी शिकलेली आहे, सही करते, अंगठा नाही देत. मोठ्याला हायसं वाटलं. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि फोटो काढला. मॅडम म्हणाली, "थँक यू आजी," आणि माझ्या पाया पडली. ती का पडली ते मला कळलं नाही. कंपनीत तसं सांगितलेलं नसणार.

दांडा पडेपर्यंत होळी सोडून जायचं नसतं. पण परीक्षा होत्या, ट्रॅफिक होतं. सुनांनी डब्यात पोळ्या भरून घेतल्या. धाकटा गाडीत बसताना म्हणाला, "आये, येतो गं पुढच्या वर्षी." मी बरं म्हटलं. दांडा पडला तेव्हा नणंद आणि मी होतो, आणि तो सिलिंडरवाला. त्याची ड्यूटी होती.

पावसाळ्याआधी शेड झाली. हिरवा रंग, वर पान काढलेलं. शेडसाठी जमीन कोरली तेव्हा बरीच राख वर आली. ती खडीबरोबर डंपरमधून कुठे गेली मी विचारलं नाही. मॅडम नंतर एकदा आली होती. त्यांच्या कंपनीच्या एका पुस्तकात आमच्या गोदामाचा फोटो आला आहे, तो दाखवायला. फोटोत गाड्या रांगेत होत्या, मागे माझ्या घराची भिंत दिसत होती. ती हिशेब समजावत होती, मी ऐकत होते. मग तिची बदली झाली.

नणंदेला दिवाळीनंतर तिच्या मुलाने डोंबिवलीला नेलं. घर विकायचं होतं. जाताना ती ओट्यावर बसून राहिली, उठेना. मग म्हणाली, "गाडीत एसी हाय म्हंत्यात. चला, थंड तरी व्हईन." आणि गेली. आता आमचं फोनवर बोलणं होतं, पण तिला ऐकू कमी येतं आणि फोन सुनेकडे असतो.

यंदा होळीला गावात होळी लागली नाही. जागा नव्हती, आणि असती तरी दांडा कोण उभा करणार? मी पुरण घातलं नाही. भात लावला आणि सुक्या बोंबलांचं कालवण केलं. सणाला असं खात नाहीत, पण नैवेद्य दाखवायचा नव्हता, मग कुणासाठी पाळायचं? संध्याकाळी मोठ्याचा फोन आला. त्यांच्या टॉवरखाली सोसायटीची होळी होती, लहानशी, लोखंडी पाटीत. मागे गाणी लागली होती. तो ओरडून बोलत होता.

"आई, दिसतंय का? तू यायला पाहिजे होतंस. गाडी पाठवली असती."

"आन परत कोन सोरनार व्हता?"

"ते उद्या बघितलं असतं."

"म्हनून नाय आले."

"काय?"

"काय नाय. पोरांना जप. इस्तवाजवल जाऊ देऊ नको."

धाकट्याचा फोन आला नाही. तो विसरला असेल, किंवा दादाने केला म्हणजे झालं असं त्याला वाटलं असेल. मला सही केल्याचा पस्तावा नाही. ते का येत होते हे कळल्यावर त्यांना तसं बोलवत राहणं मला जमलं नसतं, आणि आता ते का येत नाहीत हेही मला नीट कळलेलं आहे.

जेवून मी मागची खिडकी लावायला गेले. शेडमध्ये गाड्या आल्या होत्या. ट्रक येतो तेव्हा भांडी वाजतात, मी मनात म्हणते, आला एक. या गाड्यांना आवाज नसतो. येतात कधी आणि जातात कधी, घरात बसून काही कळत नाही.